झांज ऐकू येईपर्यंत

जरीपटका भागातल्या बाजारात गाडीला साउंड बसवून देणारी पाच-सहा दुकानं आहेत, पण सेटिंगसाठी लोक धम्मानंदकडेच यायचे. स्पीकर कुठूनही घ्या, वायर कोणाकडूनही ओढून घ्या, शेवटचा हात मात्र त्याचाच लागला पाहिजे, असं टॅक्सीवालेसुद्धा सांगत. बावीस वर्षांत त्यानं मशीन लावून कधी आवाज मोजला नाही. कोणी फोनमधलं ॲप दाखवलं की तो म्हणायचा, "मोबाईलले कान असते का गा?" एवढा तोरा त्याला शोभायचाही.

त्याची रीत ठरलेली होती. गाडीच्या काचा वर, एसी बंद आणि पेनड्राइव्हवर एकच रेकॉर्डिंग : वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचा सराव. ढोलक, पेटी, एक खडा गळा आणि झांज. लहानपणी त्या पार्टीत झांज तोच वाजवायचा, त्यामुळे ती कशी वाजली पाहिजे हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आधी तो क्रॉसओव्हर लावायचा. म्हणजे ढोलकाचा जाड आवाज डिकीतल्या मोठ्या स्पीकरकडे आणि झांजेचा बारीक आवाज दारावरच्या चिमुकल्या ट्विटरकडे धाडायचा, चौकातला हवालदार ट्रक एकीकडे आणि सायकली दुसरीकडे वळवतो तसा. मग जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरच्या पट्ट्या, एकेक करून वर-खाली. झांज लखलखीत ऐकू आली की काम संपलं, चहा सांगायचा.

गेल्या दोन वर्षांत मात्र काहीतरी बिनसलं होतं. गिऱ्हाइकं आठवडाभरात परत यायची आणि सगळ्यांची तक्रार एकच, आवाज टोचतो. काही तर परत आलीच नाहीत, परस्पर दुसऱ्या दुकानात गेली. धम्मानंद नव्या मालाला शिव्या घालायचा. आजकालच्या ट्विटरमध्ये दमच नाही, म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता. पूर्वी ज्या खुणेवर झांज उमटायची तिथं ती आता उमटतच नव्हती, म्हणून तो पट्टी आणखी वर चढवायचा.

घरी त्याची बायको सरिता एकदा म्हणाली होती, "अलार्म उशाशी बोंबलून राहिला, अन् तुमाले ऐकूच नाई आला?" झोप लागली होती, असं म्हणून त्यानं विषय उडवला. पण त्या दिवसापासून त्याला एक भीती होती. वायरिंग तर कोणीही शिकतं. कानच गेला तर आपल्याला विचारेल कोण? हा प्रश्न आला की तो उठून कुठलं तरी काम काढायचा.

या दोन वर्षांत त्याला एकाच माणसाचा आधार होता. नंदनवन भागातले मधुकरराव, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्या जुन्या गाडीचं सेटिंग दोन वर्षांपूर्वी त्यानंच केलं होतं आणि दर मंगळवारी ते दुकानासमोरच्या स्टुलावर येऊन बसत, चहा पीत आणि न विसरता सांगत, "धम्मा, शब्द न् शब्द मोकळा ऐकू येते पाय." त्या एका वाक्यावर धम्मानंद पुढचा मंगळवार गाठायचा.

अशाच एका मंगळवारी गौरांग नावाचा पोरगेला इंजिनियर तिसऱ्यांदा परत आला. नवी गाडी, भारी स्पीकर, आणि चेहरा वैतागलेला.

"दादा, बायको गाडीत बसत नाई आता. डोकं दुखते म्हणते. काहून असं होऊन राहिलं?"

धम्मानंद गाडीत बसला, काचा वर केल्या, रेकॉर्डिंग लावलं. त्याला तर झांज अजून जरा दबलेलीच वाटली. शेजारी गौरांगनं दोन्ही कानांवर हात ठेवले. हे नाटक पाहून धम्मानंदचं डोकंच फिरलं.

"बावीस वर्षं हेच काम करून राहिलो मी! थांब, तुले साक्षीदारच आणून देतो. काका, या इकडे. बसा."

मधुकरराव हौसेनं पुढच्या सीटवर बसले. डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, बोटांनी ठेका धरला. मग म्हणाले, "एक नंबर! झांज तर पाय, कशी वाजून राहिली!"

धम्मानंदनं गौरांगकडे असं पाहिलं की बिचाऱ्याला कसंनुसं झालं. तरी त्यानं चाचरत विचारलं, "काका, तुमाले टोचत नाई?"

"काय?"

"टोचत नाई का कानाले?"

मधुकरराव मोकळेपणानं हसले. "मले काय टोचन, बापू! बारीक आवाज मले येतच नाई. डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच कानात मशीन लावाले सांगतलं. म्हणून तं याचं सेटिंग जमते मले. बाकीच्यांच्या गाडीत बसलो तं गाणं कांबळ्याखालून आल्यावानी वाटते."

म्हाताऱ्यानं हे कौतुकानंच सांगितलं होतं. गौरांगनं मान खाली घातली. दोन वर्षं धम्मानंद ज्या शाबासकीवर जगला, ती एका बहिऱ्या माणसाची होती, आणि ती खरी होती म्हणूनच तिचा अर्थ इतका वाईट होता. रडावंसं वाटलं, पण भर दुपारी बाजारात रडता येत नाही.

रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावून तो गौरांगला म्हणाला, "तू सांग. मी फिरवतो."

त्यानं बारीक आवाजाच्या पट्ट्या एकेक करून उतरवायला घेतल्या. "अजून," गौरांग म्हणाला. "अजून थोडं." झांज आधी पातळ झाली, मग दूर गेली, मग नाहीशीच झाली. धम्मानंदसाठी नुसतं ढोलक उरलं.

"बस्स! आता पाहा दादा, कशी मस्त वाजून राहिली झांज!"

धम्मानंदनं मान हलवली.

गाडी गेल्यावर तो मधुकररावांच्या स्टुलाजवळ उकिडवा बसला आणि शेजारच्या दुकानांना कळू नये म्हणून अगदी हळू विचारलं, "काका, तुमचा तो डॉक्टर कोठी बसते?"

"काय म्हनलं?"

"डॉक्टर, काका."

"काय? मोठ्यानं बोल ना बापू!"

धम्मानंद उठून उभा राहिला. "कानाचा डॉक्टर, काका!" तो ओरडला. "कानाचा! मले दाखवाचे हायत माहे कान!"

आजूबाजूच्या सगळ्या दुकानांतली माणसं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघू लागली.