पडद्यावर न दिसलेलं उत्तर

कीर्ती मगदूम एका माणसाच्या सांगण्यावर कधी भागवत नाही. माधवनगरच्या थांब्यावर कुणी म्हणालं, ही सांगलीचीच गाडी, तरी ती आणखी एकाला विचारते, आणि चढल्यावर कंडक्टरलाही. घरात आई, गुणमाला, रोज हाक मारते, "दिवस बुडायला आला, जेवून घे." कीर्ती उठून पश्चिमेच्या खिडकीच्या गजाला हात लावते. गज कोमट असेल तर अजून वेळ आहे.

"आईवरसुद्धा विश्वास नाही का गं?"

"आहे की. पण तुला घाई असते. गजाला नसते."

कीर्ती जन्मापासून अंध, पण ही सवय उपजत नव्हती. ती दहावीत लागली. परीक्षेला तिला लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी मिळाली. कीर्तीनं उत्तरं सांगायची, तिनं लिहायची. "झालं, लिहिलं," ती दर वेळी गोड आवाजात म्हणायची. इतिहासात फारच कमी गुण पडले, तेव्हा उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. आईनं ती वाचून दाखवली. कीर्तीनं दहा ओळी सांगितल्या होत्या तिथे तीन होत्या. पोरीचा हात दुखत होता, एवढंच. पण त्या दिवसापासून गोड आवाज ऐकला की कीर्तीचे कान आपोआप टवकारतात.

म्हणून बी.ए.ला आल्यावर तिनं लॅपटॉपसाठी हट्ट धरला. त्यातला स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्या आवाजाला ना गोडी, ना कंटाळा. फक्त शॉर्टफॉर्म आले की तो अडखळायचा. तीन अक्षरं एकमेकांत चेचून काहीतरी पुटपुटायचा. साताऱ्यात धवल नावाचा एक तरुण अशा स्क्रीन रीडरसाठी फायली तयार करतो. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडेच जातात. कीर्तीनं त्याला फोन केला. धवलनं उपाय सांगितला: प्रत्येक शॉर्टफॉर्मच्या मागे पूर्ण नावाचा टॅग लावायचा. डोळ्यांना तीन अक्षरंच दिसतात, ऐकणाऱ्याला सगळं नाव ऐकू येतं.

"एकही सोडू नका," कीर्ती म्हणाली. "एक सुटला, तर आणखी कुठे सुटलाय याचाच विचार करत बसेन मी."

लॅपटॉपवर परीक्षा द्यायची परवानगी सहज मिळाली नाही. परीक्षा विभागाचे हंबीरराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या औंधचे, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी तीनदा अर्ज करायला लावला.

"मशीनच्या पोटात काय हाय ते आमास्नी कसं कळायचं, पोरी?"

"आणि माणसाच्या पोटात काय आहे ते मला कसं कळायचं, मामा?"

अखेर या एका सत्रापुरती परवानगी मिळाली, तीही अटीवर. काही वावगं दिसलं, तर पुढच्या सत्रापासून पुन्हा लेखनिक. आणि पर्यवेक्षक कोण, तर स्वतः हंबीरराव.

अर्थशास्त्राच्या पेपरला दोघं एका लहान खोलीत बसले होते. तिच्या कानात हेडफोन. मागे हंबीररावांच्या खुर्चीची करकर आणि त्यांच्या खिशातल्या लवंगांचा वास. ती खुर्ची दर थोड्या वेळानं जवळ सरकते आहे, असं तिला वाटत होतं.

दुसरा प्रश्न आला. 'पुढील शॉर्टफॉर्मची पूर्ण रूपे लिहा.' पाच गुण. मग आवाज सरळ वाचत गेला. "एक. स्थूल देशांतर्गत उत्पादन. दोन. रोख राखीव प्रमाण..."

कीर्तीची बोटं थांबली. तिनं मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मशीन उत्तरं सांगत होतं.

पहिली चार तिला येत होती. पाचवं होतं, "रास्त आणि किफायतशीर दर." हे कशाचं पूर्ण रूप, ते तिला कळेना. तिनं बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकलं. एफ, आर, पी. उसाचा हंगाम आला की अख्खा जिल्हा दिवसभर एफआरपी म्हणतो, तिचा काकाही म्हणतो. त्याचा अर्थ मात्र तिनं कधी कुणाला विचारला नव्हता.

तिनं कळांवरून हात उचलले. हे कुणी केलं? धवलनं कीव येऊन? की मागे बसलेल्या माणसानं, मुद्दाम, मी काय करते ते बघायला? पाचही लिहिली तर उद्या म्हणतील, आंधळीला मशीननं सांगितलं. गप्प राहिले तरी हे कधीतरी बाहेर येईलच. आणि सांगितलं, तर लॅपटॉप जाईल. तो गोड आवाज परत येईल. झालं, लिहिलं.

खुर्ची करकरली. कीर्तीनं हेडफोनची वायर उपसली.

"मामा, इकडे या. हे ऐका."

आवाज खोलीभर झाला. हंबीरराव वाकले. त्यांचा श्वास तिच्या कानाशी आला.

"पडद्यावर तर काय न्हाई ह्यातलं. नुसती इंग्रजी अक्षरं हायती."

"तुम्हाला दिसणार नाही. मलाच ऐकू येतंय."

"कुणी घातलं हे?"

"मी तेच तुम्हाला विचारणार होते."

हंबीरराव सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्यावर संशय व्हय? लय झालं आता." पण आवाजात राग नव्हता. "मला हे लिहावं लागंल, पोरी."

"लिहा. पण कागदावर नाही. इथे टाइप करा. तुम्ही काय लिहिलंत ते मी मशीनकडून ऐकणार."

त्यांनी एका बोटानं टाइप केलं. वीस मिनिटं गेली, तिच्या पेपरातली. मग सपाट आवाजानं वाचलं: "प्रश्न दोनची उत्तरे फाईलमध्येच होती. पडद्यावर दिसत नव्हती. विद्यार्थिनीने स्वतः होऊन दाखवली. नसती दाखवली तर मला कळले नसते." खाली कीर्तीनं भर घातली: "चार मला येत होती. पाचवं आत्ताच ऐकलं." पाचव्याची जागा तिनं कोरी सोडली.

संध्याकाळी धवलचा फोन आला.

"तुम्हीच म्हणालात, एकही सोडू नका."

"प्रश्न वाचला नाहीत का?"

"कसा वाचणार? कॉलेजनं लिहून घेतलंय, पेपर वाचायचा नाही म्हणून. नुसते शॉर्टफॉर्म शोधायचे, टॅग लावायचे, फाईल परत पाठवायची. हंबीररावांचा नियम आहे, कीर्तीताई."

कीर्तीनं तो कागद मागवला आणि दोन जणांकडून वाचून घेतला. खाली खरंच हंबीररावांची सही होती.

कॉलेजच्या परीक्षा समितीनं तो प्रश्न तिच्यापुरता रद्द केला, त्याऐवजी दुसरा दिला. लॅपटॉप राहिला. नियम तेवढा बदलला: फाईल परीक्षेच्या तासभर आधी उघडायची आणि हंबीररावांनी हेडफोन लावून अथपासून इतिपर्यंत ऐकायची.

पुढच्या सत्रात ती आली, तेव्हा ते तिच्याच खुर्चीत बसले होते. उठून त्यांनी हेडफोन तिच्या हातात दिला. तो कानांच्या जागी गरम होता.

"समदा ऐकला. पोटात काय न्हाई."

कीर्तीनं हेडफोन लावला आणि पहिल्या ओळीपासून फाईल तपासायला घेतली.

"पटलं न्हाई व्हय?"

"नाही."

"बरं हाय," हंबीरराव मागच्या खुर्चीत बसत म्हणाले. "मलाबी पटलं नसतं."