तारण झालेले मुकादम

आमच्या निपाणीच्या चर्चमध्ये देवाने आपल्याला कसं बदललं याची साक्ष कोणत्या रविवारी कुणी सगळ्यांसमोर द्यायची, ते मी ठरवते. तंबाखूच्या वखारीतले हे मुकादम मात्र यादीत नाव नसतानाही उठतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडीचा रुमाल आणि गोष्ट नेहमी तीच.

"लई दारू पीत होतो. बायकोला अशी हानली, की तिचा डावा कान गेला! पर प्रभूनं माझं पाप धुतलं. माझं तारण झालं."

मग रुमाल डोळ्यांना लागतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. पलीकडे बायकांच्या बाकांवर त्यांची बायको उजवा कान पुढे करून ऐकत असते.

देवाच्या दयेवर माझा विश्वास आहे. पण हा माणूस त्या दयेच्या नावाखाली स्वतःचीच पाठ थोपटतो, याची मला भयंकर चीड येते.

गेल्या रविवारी प्रभुभोजनाआधी पास्टर नेहमीप्रमाणे म्हणाले, "कुणाशी वाकडं असेल, तर आधी समेट करा." मुकादम सगळ्या पुरुषांशी हात मिळवत फिरले. तेवढ्यात बायको त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माझी माफी कवा मागनार?"

ते हसले. "देवानं केलंय न्हवं माफ? मग तुझी आनि वेगळी कशाला गं?"

आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तेच पहिले पुढे गेले. मनात राग ठेवून ती भाकर घेऊ नये, म्हणून बायको मात्र न घेताच बसून राहिली.

उपासना संपताच मी तिला गाठलं. "पुढच्या रविवारी साक्ष तुमची."

तिने उजवा कान माझ्याकडे वळवला. "किती येळ मिळंल, आक्का?"

"लागेल तेवढा. त्यांना मी पहिल्या बाकावर बसवते."