दोघांनी म्हणायचा हिरवा

आमच्या गल्लीतले एक काका जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून आता स्कूटर चालवतात. स्टेशन रोडच्या सिग्नलला दिवा बदलला की ते मोठ्यानं म्हणायचे, “हिरवा.” मागं बसलेल्या काकूंनी वैतागून “हिरवा हाय, चला की” म्हटल्याशिवाय स्कूटर हलायची नाही.

“एकट्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवल्यानं गाड्या धडकल्यात,” ते मला सांगायचे. “माणसं गेली, तवा इंजिनात ड्रायव्हर आन् असिस्टंट, दोघांनी सिग्नल मोठ्यानं म्हणायचं ठरलं.”

यंदा काकू गेल्या. काल सिग्नलला काका माझ्या पुढंच होते. “हिरवा,” म्हणाले आणि थांबून राहिले. मागनं हॉर्न सुरू झाले. मी गाडी शेजारी घेतली आणि म्हटलं, “हिरवा हाय काका, चला की.”

त्यांनी मागच्या रिकाम्या सीटकडं वळून बघितलं. तोवर लाल पडला होता.