विहिणीसमोर सांगितलेली हजेरी

मखमलाबादजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी द्राक्षांच्या घडांतले खराब मणी कात्रीने काढते. तिथल्या बायका मला पुढारी समजतात. खरं तर मी नुसती फुशारकी मारणारी बाई.

मागच्या हंगामात आमची द्राक्षं घेणाऱ्या हॉलंडच्या कंपनीची मॅडम तपासणीला आली. तिचं बोलणं मराठीत सांगायला नाशिकची यशश्री सोबत होती. मुकादम मनोजने आधीच बजावलं होतं, "काही विचारलं तर नुसतं हसायचं."

मॅडम नेमकी माझ्यापाशी थांबली. यशश्रीने विचारलं, "मावशी, दिवसाची हजेरी किती रुपये मिळते?"

हसले असते तर भागलं असतं. पण शेजारी माझी विहीण साळूबाई बसली होती, त्याच आठवड्यात चांदवडहून कामाला आलेली. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, असं मी तिला लेकीच्या लग्नापासून ऐकवत होते. आता तिच्यासमोर साडेतीनशे कसं म्हणू?

"पाचशे!" मी म्हणाले.

साळूबाईने कात्री आपटली. "विहीणबाईंना पाचशे अन् मला साडेतीनशे? यांचे हात काय सोन्याचे हायेत?"

बघता बघता सगळ्यांच्या कात्र्या खाली. मालक धावत आले. मला खोटं पाडावं तर साडेतीनशे कबूल करावे लागणार, आणि कंपनीला त्यांनी आकडा वाढवून सांगितलेला. बाहेर कंटेनर खोळंबला होता. घाम पुसत ते म्हणाले, "सगळ्यांनाच पाचशे आहेत."

"मग शनिवारी मोजून घेऊ," साळूबाई म्हणाली.

शनिवारी खरंच तेवढे मिळाले. बायकांनी मला मिसळ खाऊ घातली आणि सगळं ठरवून केल्याच्या थाटात मी ती खाल्ली.

यंदा मनोज म्हणाला, "पेरूची द्राक्षं स्वस्त पडतात, म्हणून हॉलंडवाले भाव वाढवत नाहीत." मी खो खो हसले, पेरूला कधी द्राक्षं लागतात का! पेरू नावाचा देश आहे, हे नंतर कळलं. मालकांनी हजेरी पाचशेच ठेवली, पण पन्नासाऐवजी छत्तीसच बायका बोलावल्या. पेट्या मात्र तेवढ्याच भरायच्या.

"चांगुणाबाई, तुम्हीच बोला," म्हणत बायकांनी मला केबिनमध्ये ढकललं. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "चहा छान झालाय," एवढंच मी म्हणाले. शेवटी साळूबाईच भांडली, तेव्हा आठ जणी परत आल्या.

राहिलेल्या सहांपैकी एक माझ्याच गल्लीत राहते. सकाळी ती दारात दिसली की मी बंद मोबाइल कानाला लावून झपाझप पुढे निघते.