ओतिलियाच्या नावाची पत्रं

ओतिलिया मेहियाला मेल उघडता यायचा आणि पाठवता यायचा. त्यापलीकडे काही शिकायची तिला हौस नव्हती. वय अठ्ठावन्न, काम शाळेचे गणवेश शिवायचं, आणि शिवाय ती एल पोर्तिल्यो गावाच्या पाणी समितीची चिटणीस. नदीवर धरण बांधायला निघालेल्या कंपनीवर गावानं खटला भरला, तेव्हा राजधानीतल्या वकीलबाई म्हणाल्या, पत्रव्यवहाराला मेलचा पत्ता हवा. तो ओतिलियाच्या नावानं काढला, का, तर तिचं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं होतं.

तिच्याआधी चिटणीस होता अन्सेल्मो. त्याला निनावी चिठ्ठ्या यायच्या. ‘आम्ही बघतोय,’ एवढंच लिहिलेलं असायचं. अन्सेल्मो हसायचा आणि चिठ्ठी चुलीत टाकायचा. चार वर्षांपूर्वी कॉफीच्या मळ्यातून परतताना भरदुपारी त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या. कुणी, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोर्टाच्या कागदावर मात्र कुणाचंच नाव आलं नाही. तेव्हापासून होंडुरासच्या त्या डोंगरात मोटरसायकल दारापुढे जरा रेंगाळली, तरी बायका पोरांना आत ओढून घ्यायच्या.

त्या मंगळवारी ओतिलिया बाजारासाठी खाली शहरात गेली आणि नेहमीसारखी ब्रिहिदाबाईंच्या इंटरनेटच्या दुकानात शिरली. तिथल्या पाच कॉम्प्युटरांपैकी चालू तीनच. ब्रिहिदाबाई पुढे कुणाच्या तरी जन्मदाखल्याच्या झेरॉक्स काढत होत्या. ओतिलियानं मेल उघडला आणि बघतच राहिली. एरवी आठवड्याला दोन-तीन पत्रं यायची, आज त्रेसष्ट होती. बहुतेकांवर एकच मजकूर: तुमचं पत्र पोचू शकलं नाही, परत पाठवत आहोत. कसलं पत्र? तिनं तर पंधरा दिवसांत कुणाला एक ओळ लिहिली नव्हती.

सगळ्यांत वर एक पत्र होतं. पाठवणाऱ्याचं नाव, ओतिलिया मेहिया. पत्ता तिचाच, अक्षर न् अक्षर तिचा.

‘हे मी तुझ्याच पत्त्यावरून लिहितोय, त्यावरून काय ते समज. कित्येक महिने तुझ्यावर माझी नजर आहे. तू काय करतेस, कुणाला लिहितेस, सगळं मला माहीत आहे. तुझ्या माणसांचे पत्ते माझ्याकडे आहेत. पन्नास तास देतो. पोलिसांकडे जाऊ नकोस.’

खाली अजून बरंच होतं. तिच्यानं वाचवेना. मापं लिहायच्या वहीत तिनं तेवढा मजकूर कसाबसा उतरवला, कारण तोंडी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही असं तिला वाटलं. मग पैसे काउंटरवर ठेवून ती निघाली. ‘अगं, कांदे राहिले तुझे!’ असं ब्रिहिदाबाई मागून ओरडल्या, ते तिला ऐकूही आलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाला पत्र वाचलं, म्हणजे गुरुवारी दुपारी बाराला पन्नास तास भरणार. परतीच्या गाडीत तिनं बोटांवर हे तीनदा मोजलं. घरी पोचताच सुनेला म्हणाली, “मुलांना घेऊन माहेरी जा. आत्ताच्या आत्ता.”

“सासूबाई, झालं काय? आई बरी आहे ना माझी?”

“बरी आहे. म्हणूनच जा. चार दिवस राहून ये, विचारू नकोस.”

सून गेली. समितीचं सह्यांचं रजिस्टर ओतिलियानं मक्याच्या कणगीत खोल खुपसलं आणि पुढच्या दाराला आडणा घातला. पत्र तिच्याच पत्त्यावरून आलं होतं, म्हणजे ते लोक तिच्या घरात, तिच्या टेबलाशी येऊन बसल्यासारखेच झाले, असं तिला वाटत होतं. आता कुलूप लावायचं तरी कशाला? बुधवारी ती शिवायला बसली, तर शर्टाची बाही उलटी जोडली. दूर कुत्रं भुंकलं तरी पायडलवरचा पाय थांबायचा. अन्सेल्मोची बायको टॉर्टिया घेऊन मागच्या दारी आली, तिलाही तिनं काही सांगितलं नाही. तिला तर नाहीच नाही.

दुपारी फेर्मिन आला. समितीचा अध्यक्ष, आणि ओतिलियाच्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्यामुळे तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. आज मात्र तो उंबऱ्यातच उभा राहिला.

“कोमाद्रे, खरं सांगा. काय पाठवलंत तुम्ही?”

“मी? कुणाला?”

“वकीलबाईंचा फोन होता. तुमच्या नावानं पत्र आलंय, ‘तातडीचं, सोबतचा कागद उघडा’. त्यांना वास आला, म्हणून उघडलं नाही. नगरपालिकेच्या इंजिनिअरला तेच. पाद्रीबाबांना तर…” त्याचे कान लाल झाले. “पुरुषांच्या गोळ्या. स्वस्तात. तुमच्या नावानं!”

एरवी ओतिलिया पोट धरून हसली असती. आज तिनं आधी त्याच्यामागचा रस्ता न्याहाळला.

“लोक काय म्हणतायत?”

“म्हणतायत, कंपनीनं चिटणीस विकत घेतली. वकिलाचा कॉम्प्युटर बिघडवायला लावला.” त्यानं मान वळवली. “मी नाही म्हणत. पण सुनेला अचानक माहेरी धाडलीत, दाराला आडणा. माणसानं समजायचं काय?”

म्हणजे एका बाजूनं ते, आणि दुसऱ्या बाजूनं आपलेच. ओतिलियानं वही आणून त्याच्या हातात दिली. फेर्मिन एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेला. ‘पन्नास तास’शी त्याचं बोट थांबलं.

“हे कधी आलं?”

“काल.”

“आणि तुम्ही एकट्या दार लावून बसलात? अहो कोमाद्रे! अनवाणी धावत यायचंत माझ्याकडे!”

तो ओरडला खरा, पण आत येऊन दाराचा आडणा त्यानंही पुन्हा घातला. अन्सेल्मोला ज्यांनी उचलून घरी आणलं, त्यांत तो होता.

गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीनं दोघं शहरात उतरली. फेर्मिननं तिला आतल्या बाजूला बसवलं आणि वाटभर मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत राहिला. दुकानात शिरताच ओतिलियानं वही पुढे केली. ब्रिहिदाबाईंनी चष्मा चढवला, चार ओळी वाचल्या आणि विचारलं, “उरलेलं कुठाय?”

“वाचवेना मला.”

“बस इथं. उघड तुझा मेल.”

ब्रिहिदाबाई मोठ्यानं वाचू लागल्या. पन्नास तासांच्या पुढे लिहिलं होतं की, मी तुझ्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलंय, तू घाणेरडे सिनेमे बघत असतानाचं. बिटकॉइनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत, पैसे भर, नाहीतर सगळ्यांना दाखवीन.

“कोण, तू?” ब्रिहिदाबाई खुर्चीत मागे रेलल्या. “माझ्या दुकानात? आणि या डबड्याला कॅमेरा आहे कुठे? अगं, मला हेच पत्र दोनदा आलंय. माझ्याच नावानं, मलाच! पाद्रीबाबांनाही आलंय, विचार हवं तर.”

“पण पत्ता माझा आहे.”

त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं, मागच्या बाजूला ‘प्रेषक: फेर्मिन’ असं लिहिलं आणि फेर्मिनपुढे धरलं. “हे तुम्ही पाठवलंत का?”

“नाही.”

“पण नाव तर तुमचं आहे. पोस्टवाला कुठे विचारतो? पत्ता सापडला नाही तर पाकीट परत तुमच्याच घरी येणार. तुझी ती त्रेसष्ट अशीच आली, ओतिलिया. कुणाच्या तरी कॉम्प्युटरातून पत्त्यांची यादी चोरीला गेली असणार, त्यात तू सापडलीस. आता हे बघ, तू पाठवलेली पत्रं या रकान्यात राहतात. आहे का त्यातलं एक तरी?”

नव्हतं. शेवटचं पत्र सतरा दिवसांपूर्वीचं, वकीलबाईंना लिहिलेलं. ओतिलियानं तो रकाना तीनदा वरखाली केला.

तरी ब्रिहिदाबाईंनी तिला पासवर्ड बदलायला लावला, आणि तो टाइप होईपर्यंत स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मग ओतिलियानं ओळखीच्या सगळ्यांना दोन ओळी लिहिल्या: माझ्या नावानं कसलाही कागद आला तर उघडू नका, आधी फोन करा. ही पत्रं थांबवता येतील का, असं फेर्मिननं विचारलं. ब्रिहिदाबाईंनी नकारार्थी मान हलवली. “कंटाळले की थांबतील. एकाचं नाव शिळं झालं की दुसऱ्याचं घेतात.”

पाठवणारा कुठल्या देशात बसला होता कोण जाणे. त्याला एल पोर्तिल्यो माहीत नव्हतं, नदी माहीत नव्हती. हेच पत्र त्यानं लाखो लोकांना धाडलं असेल, आणि निम्म्यांनी ते हसून पुसलं असेल. ओतिलियाला हे सगळं पटलं. तरी भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, तेव्हा तिनं फेर्मिनची बाही घट्ट धरली होती. बारा वाजून पाच, बारा वाजून दहा. रस्त्यावरून गॅसची गाडी गेली, बाकी काही झालं नाही. तेव्हा कुठे ती रडली.

रविवारी प्रार्थनेनंतर फेर्मिननं चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. बायका हसल्या, आणि कंपनीचं नाव घेऊन कुजबुजणारे चौघं खाली बघत निघून गेले. सून परत आली. अन्सेल्मोची बायको मात्र हसली नाही. ती ओतिलियाला बाजूला घेऊन म्हणाली, “पुढच्या वेळी मला सांग. खोटं असलं तरी सांग. अन्सेल्मो कधी सांगायचा नाही.”

परत येणारी पत्रं तीन आठवड्यांनी बंद झाली. डोंगरातली भीती होती तशीच राहिली, ती काही मेलमधून आलेली नव्हती. समितीनं ठरवलं की आलेलं पत्र दोघांनी मिळून वाचायचं, आणि शेवटपर्यंत. डिसेंबरात वकीलबाईंचा मेल आला, सुनावणीची तारीख लागल्याचा. ओतिलिया आणि अन्सेल्मोची बायको एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसून तो वाचत होत्या. वाचून झाल्यावर ओतिलियानं फोन लावला.

“वकीलबाई, हे पत्र तुमचंच ना?”

“माझंच आहे, ओतिलियाबाई. एकोणीस तारखेला या. आणि येताना एकट्या येऊ नका.”

“एकटी नाही येत,” ओतिलिया म्हणाली.