विमलताईंचं 'न्हाय'

"टेन्शन कायको लेते हो, मॅडम? कासव गॅरंटीड!" अंदमानचा ऑपरेटर स्पीकरवर गरजत होता. समोर बसलेल्या विमलताई प्रसन्न हसत होत्या. "हाय, हाय, चालंल," म्हणाल्या. 'नंतर कळवतो' म्हणून मी फोन ठेवला.

इंद्रलोक नावाच्या उपनगरी वस्तीत माझं ट्रॅव्हल बुकिंगचं ऑफिस आहे. मला स्वतःला पोहता येत नाही, तरी डाइव्हिंगची पॅकेजेस विकतो. आमच्या धंद्यात हे खपतं. ऑपरेटर म्हणजे बोट, सिलिंडर आणि पाण्याखाली सोबत येणारा गाइड पुरवणारा. समुद्रातल्या कासवाची गॅरंटी देणाऱ्याची मात्र मला भीतीच वाटते.

विमलताई जवळच्याच काशीगावच्या. मुलं मार्गी लागल्यावर हौसेनं डाइव्हिंगचा कोर्स केला. मागच्या ट्रिपला खाली जाताना कान ठणकला. गाइडनं खुणेनं 'ठीक?' विचारलं आणि यांनी बोटांनी 'ओके' दाखवलं. मग कितीतरी दिवस कानात औषध.

"या टायमाला जमलं न्हाय तर सोरून देन," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. मला वाईट वाटलं.

दुसरा फोन शर्मिलाला लावला. ही गाइड अंदमानातच असते, मूळची रत्नागिरीची. मी तारखा विचारल्या तर म्हणाली, "आधी ताईंशी बोलू दे."

"ताई, गर्दीच्या ग्रुपमध्ये चालेल?"

"हाय, चालंल."

"पहिल्याच दिवशी खोल जायचं?"

"हाय."

"पाण्याखाली श्वास रोखून धरता ना?"

"हाय, हाय."

शर्मिलानं प्रश्न थांबवले. "ताई, तो कधीच रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसाला इजा होते. कोर्समधला पहिला नियम."

विमलताई ओशाळल्या. "म्हाईत हाय गो मना. पन तू इतकं गोड इचारलंस, न्हाय कसं बोलू?"

मी हसलो. शर्मिला हसली नाही. "मग पहिल्या दिवशी आपण दोघीच, उथळ पाण्यात. तुम्ही मला खुणेनं 'न्हाय' म्हणायला शिकलात, की मगच खोल."

बुकिंग व्हायच्या आधीच गिऱ्हाइकाला अट घालणारं माणूस मी आमच्या लाइनीत पहिल्यांदाच पाहिलं. मनातल्या मनात सलाम ठोकला आणि तिथल्या तिथे बुकिंग केलं.

परतल्यावर विमलताई सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन थेट ऑफिसात. "दुसऱ्या दिवशी खोल जाताना परत कान दुखाला लागला. मी असं केलं." त्यांनी आडवा पंजा डावीउजवीकडे हलवला, मग कानाकडे बोट नेलं. "तिनी लगेच थोरं वर घेतलं. थांबली. कान मोकला झाला, मंग गेलो खाली. पार तलाला!"

त्यांचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

"कासव दिसलं?"

"न्हाय!" काय खुशीत म्हणाल्या.

लोखंड तापलंय, घाव घालावा, म्हणून मी विचारलं, "मग पुढच्या वेळी बाली करू या? मस्त ग्रुप आहे."

"न्हाय. शर्मिलाकरंच जाईन."

गाइड चांगला निवडला की गिऱ्हाईक सुखरूप परत येतं. फक्त आपलं राहत नाही.