निम्म्या गावाचा ओटीपी मामाच्या खिशात

दोष बसुमामाचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्या नशिबाला नाहीतर मोबाईलच्या रेंजला नावं ठेवायला नको. सरकारचाही थोडा आहे, पण सरकार काही माझ्या आईचा भाऊ नाही. बसुमामा आहे!

मुरुमच्या बाजारात मामाचं सेवा केंद्र आहे. आधार, पॅन, रेशन, सातबारा, फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली (प्रॅक्टिकलला सामान नव्हतं आणि सरांना मूड नव्हता), तेव्हापासून तिथला कॉम्प्युटर मी चालवतो. मामा खुर्ची चालवतो. त्याला माऊस धरता येतो, सोडता येत नाही.

अशा काउंटरमागं दोन वर्षं बसलं, की किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस झेरॉक्स काढायला येतो, कागद घेऊन जातो आणि किस्सा काचेवरच विसरतो.

तर यंदा सोलापूरच्या एका आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या यादीत माझं नाव लागलं! पहिल्याच यादीत! दुकानात मी एकटा होतो, नाहीतर खुर्चीवर उभा राहून नाचलो असतो. आता फक्त जागा पक्की करायची होती. त्यासाठी आधारचा ओटीपी पाहिजे. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. आणि माझ्या आधारला जोडलेला मोबाईल असतो बसुमामाच्या बंडीच्या आतल्या खिशात!

घरी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर मामानं मला सोडलंच नसतं. मी गेलो की त्याच्या केंद्राला शटर.

शेवटच्या तारखेला पंधरा दिवस होते.

*

आता मामाचा नंबर माझ्या कार्डाला कसा, तर तो एकट्या माझ्या नाही, निम्म्या गावाच्या कार्डाला आहे!

आधार नवीन निघालं तेव्हा मशीन मामाकडं आलं. लोकांनी रांगा लावल्या, डोळे दाखवले, दहा बोटं टेकवली. फॉर्मवर मोबाईलचा रकाना. तेव्हा मोबाईल होता कुणाकडं? दुसऱ्या कुणी तो रकाना मोकळा सोडला असता. मामानं प्रत्येकाच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला.

मी एकदा विचारलं, "मामा, असं का केलंत?"

"रिकामी जागा बरी दिसत न्हाय."

"अहो पण सगळ्यांचे ओटीपी तुमच्याकडं येतात!"

"मग? परक्याकडं जात्यात का?"

आमच्याकडच्या मोठ्या माणसांचं हे असं आहे. खासगी म्हणजे काय, तर जे मामाला माहीत आहे आणि शेजारच्या गावाला अजून कळलेलं नाही ते!

*

सुवर्णावहिनी गरोदर मातांच्या योजनेचा फॉर्म भरायला आली. पदर पुढं ओढून, आवाज बारीक. "भावजी, घरी अजून कुणाला सांगितलं न्हाय. तेवढं हळू."

मी हळूच टाईप केलं, हळूच बटण दाबलं. ओटीपी गेला मामाकडं. मामा समोरच्या सलूनमध्ये, गालाला फेस लावून बसलेला. मी दारातनं हाक मारली, "मामा, ओटीपी!" इतकी चूक माझी, कबूल.

मामा वस्तऱ्याखालनं मान काढून ओरडला, "आला, आला! गरोदर मातांचा व्हय रं? आपल्या महादूच्या सुवर्णाचा? घे लिहून! चार, सात, सात, दोन…"

शेजारच्या हॉटेलात खुद्द महादू चहा पीत बसला होता. हॉटेलवाल्यानं त्याच्या कपात आणखी एक चमचा साखर टाकली.

"अभिनंदन महादू!"

"कशाचं?"

"ते बसुशेठला विचार. त्यांना तुझ्या आधी कळलंय!"

सगळं हॉटेल हसलं. वहिनी मात्र फॉर्म तसाच टाकून मागच्या बोळानं निघून गेली. मी सलूनमध्ये जाऊन मामाला सांगितलं, "तिला लाज वाटली." मामा म्हणाला, "लाज कशाची? चांगली बातमी हाय की! म्या काय वाईट ओरडलो का?"

*

झेरॉक्स बिघडली, काळी आली, तिरकी आली, की मामा तो कागद फाडत नाही. गठ्ठा बांधतो आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला देतो. बदल्यात संध्याकाळी गरम भजी.

एका संध्याकाळी आमचे रिटायर गुरुजी काउंटरवर आले. सातवीपर्यंत यांनीच मला मारलं. हातात भज्यांचा पुडा, चेहरा तव्यासारखा.

"बसुशेठ, हे काय आहे?"

मामानं पुडा बघितला. मिरचीच्या भज्याखाली गुरुजींच्या मंडळींचा फोटो. नाव, पत्ता, जन्मतारीख, बारा आकडे, सगळं तेलात पारदर्शक झालेलं!

"बाई आमच्या घरच्या आहेत, आणि चौकात लोक त्यांच्यावर चटणी ठेवून खातायत!"

मला वाटलं, आता मामा सापडला! आज याची खरडपट्टी निघणार, तीही शुद्ध मराठीत! मी टाईप करायचं सोडून वळून बसलो.

मामानं शांतपणे एक भजं उचललं. "गुरुजी, कागद वाया घालवू नये, हे तुमीच शिकवलं आमाला. चौथीत."

आणि गुरुजी विरघळले! "तुला अजून आठवतं रे?" म्हणाले, खुर्ची ओढून बसले आणि दोघांनी मिळून पुडा संपवला. कागद मी उचलला आणि बारीक बारीक फाडला. बाईंनी मला कधी मारलं नव्हतं.

अकरा दिवस उरले होते.

*

मग गावात शिबिर झालं. विषय: आपली माहिती, आपली सुरक्षा! मंडप, सतरंज्या, माईक. साहेब जिल्ह्याहून आलेले. व्यासपीठावर सत्कारमूर्ती कोण? बसुमामा! गेली इतकी वर्षं जनतेची माहिती सांभाळल्याबद्दल शाल आणि श्रीफळ!

साहेब मात्र बोलले चांगलं. टेबल बडवून बोलले. "आधार नंबर कुणालाही देऊ नका! झेरॉक्सवर कारण लिहा! अंगठा विचार करून लावा!" मी जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच कुणीतरी माईकवर माझ्या मनातलं बोलत होतं.

भाषण संपवून साहेब म्हणाले, "आता सगळ्यांनी हजेरीच्या कागदावर नाव, आधार नंबर, मोबाईल नंबर लिहायचा आणि मगच नाष्ट्याला जायचं."

मी उभा राहिलो. "साहेब, आत्ताच तुम्ही म्हणालात, कुणालाही देऊ नका."

साहेब मामाकडं बघायला लागले. मामानं शालीतनं हात बाहेर काढून माईक ओढला.

"सोम्या, खाली बस! साहेब म्हंजे काय कुणीबी हाईत का?"

टाळ्या! माझ्यापेक्षा जास्त टाळ्या मामाला! हजेरीचा कागद भरला. साहेबांनी पुरावा म्हणून त्याचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली पहिला अंगठा मामाचा.

*

त्याच आठवड्यात जैबुनचाची आल्या. बांगड्या भरतात, घरोघर फिरून. आयुष्यभर काच आणि लाख हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. रेशनला अंगठा लागत नाही, म्हणून मामाकडं आलेल्या.

मामानं नेहमीचा उपाय सांगितला. "चाची, अंगठा कपाळाला घासा. तेल लागलं की मशीन धरतंय."

चाचींनी घासला. नाही लागला. केसांना घासला. नाही. मामानं त्यांचा अंगठा स्वतःच्या टकलावर घासून बघितला! तरी मशीनवर लाल दिवा.

मामा हात झटकून म्हणाला, "चाची, तुमची ओळख पटंना बगा. आन व्हय, पोरीच्या लग्नाचं काय झालं? नळदुर्गाचं पाव्हणं आलतं, लग्नाच्या मदतीचा फॉर्म बी भरला ना परवा? मला मेसेज आलता."

चाची मशीनकडं बघत राहिल्या, मग मामाकडं, मग माझ्याकडं.

"देख रे सोमनाथ! मशीन मेरेकू पैचानती नै, अन् तेरा मामू मेरे घरात कौन आया, कौन गया, सब पैचानता! उसकूच बिठा दे रेशन दुकान पे!"

बाहेरची रांग हसून लोळली. मामाही हसला, त्याला ती स्तुती वाटली! मी चाचींना डोळ्यांच्या मशीनचं सांगितलं, उमरग्याला ते चालू होतं. आणि सांगता सांगता माझ्याच डोक्यात लाईट पेटला. चाची उमरग्याला जाऊ शकतात, तर मी का नाही? नंबरच बदलून टाकायचा!

*

दुसऱ्या दिवशी दात दुखतोय म्हणून सांगितलं आणि उमरग्याची एसटी पकडली. काय हवा होती त्या दिवशी! खिडकीशी बसून मी मनातल्या मनात वायरिंग करत होतो. पाच दिवस उरलेले, पण चाललोय ना!

तिथल्या केंद्रातल्या काकांनी कार्ड घेतलं, पत्ता वाचला. "मुरुम? मग इकडं कशाला रे?"

"सहज."

काकांनी कार्डाचा फोटो काढला. मला वाटलं, प्रोसेस असेल. काका मोबाईलवर काहीतरी लिहीत बसले. मग कार्ड परत केलं. "जा बाळा. तुमचे मामा म्हणाले, घरचं पोरगं आहे, परत पाठवा."

तालुक्यातल्या केंद्रवाल्यांचा एक ग्रुप आहे, हे मला माहीत होतं. कुणाचा अंगठा लागत नाही, कुणाचा फोटो जुना आहे, सगळी कार्डं त्यात फिरतात. त्यात एक दिवस आपलंही कार्ड फिरेल, हे मात्र सुचलं नव्हतं!

मुरुमला उतरलो तर मामा स्टँडवरच उभा. "काय म्हणतोय दात? उमरग्याला ऊन लई आसंल?"

घरी पंचायत बसली. आई म्हणाली, "मामा काय परका हाय व्हय?" अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "ज्यानं बसायला खुर्ची दिली, त्याच्याशी असं वागावं?" खुर्ची! मला दोन वर्षं प्लास्टिकचं स्टूल आहे, पण अण्णांनी ते येऊन कधी बघितलेलं नाही.

मामानं एवढंच विचारलं, "नंबर कशाला बदलायचा हुता?"

"असंच. माझा असावा म्हणून."

"तुझा?" मामा खरोखर विचारात पडला. "तुझं येगळं आसं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मी दोन एसट्या बदलून थेट धाराशिवला गेलो. तिथं मामाला ओळखणारं कुणी नव्हतं. दहा बोटं टेकवली, माझा नंबर दिला, पावती घेतली. पावतीवर लिहिलं होतं, बदल व्हायला काही दिवस लागतील. माझ्याकडं चार होते. रोज सकाळी पावतीचा नंबर टाकून बघायचो. रोज उत्तर: प्रक्रिया सुरू आहे.

*

शेवटचा दिवस. पाच वाजता साईट बंद होणार. पावतीची प्रक्रिया सुरूच.

पण नशीब माझ्याकडं! मामा सकाळीच तामलवाडीला, भावकीतल्या साखरपुड्याला गेलेला. मला मामाची सवय पाठ होती. गडबडीत असला की मेसेज न वाचता नुसते आकडे ओरडतो. आणि साखरपुड्याइतकी गडबड कुठं असते! मी ठरवलं, बरोबर जेवणाच्या पंगती चालू असताना ओटीपी मागायचा.

साडेचारला मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: दहा मिनिटांत ओटीपी टाका. मी फोन लावला.

"मामा, एक ओटीपी आलाय बघा. गिऱ्हाईक थांबलंय, पटकन!"

मागं बँजो, ताटांचा आवाज, कुणीतरी "मठ्ठा, मठ्ठा" ओरडतंय. मामा त्याच्या वर ओरडला, "थांब, थांब! हात खरकटा हाय!" मग कुणाला तरी, "आवो पाव्हणं, तेवढा चष्मा काढा की माज्या खिशातनं."

मी पेन घेऊन तयार!

"हां. घे लिहून," मामा म्हणाला. "नऊ…"

मी नऊ लिहिला.

"नऊ… आठ…"

मी आठ लिहिला. आणि मामा थांबला. बँजो वाजतच होता. मामा ओठांतल्या ओठांत वाचत होता, मला ऐकू येत होतं. औद्योगिक. प्रशिक्षण. प्रवेश. सोलापूर.

"मामा?"

मी स्क्रीनवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"मामा, सहा मिनिटं राहिलीत! पुढचे आकडे सांगा!"

ज्या माणसानं सलूनमधनं, स्टँडवरनं, मयतीतनं अख्ख्या गावाचे ओटीपी ओरडून सांगितले, तो माणूस घसा साफ करून, एकदम हळू आवाजात, कानाशी लागल्यासारखा बोलला.

"सोम्या, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो रं. हितं खाली लिवलंय."

फोन कट.

माझी सोलापूरची इलेक्ट्रिशियनची जागा गेली.